गोमा उठला की बसावं

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजाची माणसं खाडीपर्यंत पोचत नसत आणि खाडीतला मासा राजापर्यंत पोचत नसे. दोघंही आपापल्या जागी सुखी होते. त्या खाडीच्या मुखाशी कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात गोमा नावाचा एक कोळी राहायचा.

राहायचा म्हणजे काय, पाठ टेकायला यायचा! त्याच्या पायाला भिंगरी होती. जेवायला बसला की पाण्याकडे बघायचा आणि पाण्यात गेला की दुसऱ्याच्या होडीकडे बघायचा. हात चांगला होता, गळ टाकावा तर त्यानेच. खाडीचा खडक न् खडक त्याला ठाऊक होता. पण एका जागी बसणं म्हणाल तर ते त्याला आईने शिकवलं नव्हतं आणि बायकोला शिकवता आलं नव्हतं. बायको नामी म्हणायची, "हे घरात असले तरी यांची वाट बघावी लागते."

आता जिताडा तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर तुमचं दुर्दैव, मी काय करणार? रुपेरी अंगाचा, मोठ्या तोंडाचा, खाऱ्या पाण्यात नि गोड्या पाण्यात सारखाच रमणारा मासा. खाडीच्या मुखापासून थेट भातशेतीच्या बांधापर्यंत त्याचा वावर. चवीला असा, की भांडणं मिटावीत. आणि हुशार असा, की धरणाऱ्याची घरी भांडणं व्हावीत.

त्या गावात एक रीत होती. लग्न झालेली लेक पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन माहेरपणाला आली, की तिच्या बापाने आपल्या हाताने जिताडा धरायचा आणि जावयाच्या ताटात वाढायचा. विकतचा चालत नसे, उसना चालत नसे. नाही वाढला तर कोणी सुळावर देत नव्हतं म्हणा. पण लेक परत गेली की सासू पहिलं तेच विचारायची, "बापाने जिताडा वाढला का गं?" आणि पोरीला खाली बघावं लागायचं.

गोमाची एकुलती एक लेक येसू. तिला दिली होती खाडीच्या वरच्या अंगाला, भातवाल्यांच्या गावी. तिकडची वाट उथळ. पुनवेला आणि अवसेला खाडीचं पाणी फुगतं, त्याला उधाण म्हणतात. त्या उधाणाच्या भरतीवरच पडाव, म्हणजे माणसं नेणारी शिडाची मोठी होडी, तिथवर पोचायचा. एरवी, अष्टमीच्या आसपास, पाणी नुसतं आळोखेपिळोखे देतं. तो भांग. भांगात पडाव जागचा हलत नसे. म्हणून पोरीने पुनवेच्या उधाणाला यायचं आणि अवसेच्या उधाणाला जायचं, असं माहेरपण ठरलेलं.

पुनवेला येसू आली. सोबत जावई आला. बिचारा गरीब स्वभावाचा, सुकट वाढली तरी बोटं चाटून खाणारा. येसूने पायरीवर पाय ठेवला आणि हाक मारली, "बा!"

गोमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने गळाची दोरी उचलली. "आलीस? बस हां बाय. मी हा गेलो आणि हा आलो."

"अरे, आत्ताच तर आले मी!"

"जिताडा नको का? रिकाम्या हाताने जावयासमोर बसू?"

आणि गेला.

पहिल्यांदा तो मुखाजवळच्या काळ्या खडकाशी गेला. जिवंत कोळंबी गळाला लावली, दोरी सोडली, बसला. ओहोटी चालू होती, पाणी समुद्राकडे धावत होतं. धावतं पाणी असलं की गोमा बरा असायचा, काहीतरी चाललंय असं वाटायचं त्याला. पण ओहोटी संपून भरती लागायच्या आधी पाणी जरा वेळ थबकतं. ना इकडे, ना तिकडे. पानसुद्धा वाहत नाही. दोरी सैल पडते. आणि तेवढा वेळ गोमाला युगासारखा वाटायचा. पाणी थांबलं की त्याचं मन धावू लागायचं. बेटाच्या टोकाला आत्ता मासा लागत असेल. पलीकडे कोणीतरी ओरडलं का? ओरडलंच! आपण इथे मूर्खासारखे बसलोय आणि तिकडे जिताडा दुसऱ्याच्या होडीत चाललाय!

त्याने दोरी गुंडाळली आणि बेटाच्या टोकाला गेला. तिथे पोचेपर्यंत भरती जोरात लागलेली. गळ तळाला टिकेना. काही मिळालं नाही.

संध्याकाळी परतताना शेजारची वालू आजी खडकावरून उतरताना दिसली. म्हातारी, पाठीत वाकलेली, पण टोपलीत मात्र शेपटी बाहेर लोंबणारा जिताडा.

"आजी, हा कुठे मिळाला?"

"तू उठलास ना, तिथेच."

दुसऱ्या दिवशी गोमा त्याच खडकावर गेला. पण आता त्याला खडकावर भरवसा राहिला नव्हता, मग पाणी थबकताच उठला आणि मोडक्या धक्क्यापाशी गेला. तिथून तिवरांच्या मुळांत. तिथून बेटाच्या टोकाला. भेटेल त्याला विचारायचा, "जिताडा कुठे लागतोय?" लोक खरं तेच सांगायचे. तो जायचा, पाणी थबकेपर्यंत बसायचा आणि उठायचा. संध्याकाळी ऐकायला यायचं, की तो उठला त्या जागी कोणाला तरी मासा लागला.

गाव ते गावच. चार दिवसांत टिंगलटवाळी सुरू झाली. जाळी विणता विणता माणसं म्हणायची, "आज कुठे बसायचं रे?" "थांब की, गोमा कुठून उठतोय बघू दे." शेवटी म्हणच पडली: गोमा उठला की बसावं.

ती म्हण गोमाच्या कानावर आली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तरातरा वालू आजीच्या दारात गेला.

"आजी, लाज नाही वाटत? माझं नशीब चोरतेस? मी जागा शोधायची आणि तू मासा न्यायचास?"

आजी कोळंबी सोलत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "चोरते कुठे? तू टाकलेलं उचलते. मी येते तेव्हा तू उठतोस, त्याला मी काय करू? हा घे जिताडा, सकाळचाच आहे. ने घरी, जावयाला वाढ."

"उसना जिताडा वाढून बाप म्हणवू?"

"मग बस ना एका जागी!"

"बसतोच की मी!"

"तू बसतोस? तू नुसता टेकतोस रे पोरा." आजीने हात पुसले. "आणि हे बघ, उधाण ओसरलं. आता भांग लागेल. भांगात पाणी निजतं, मासाही निजतो. हे दिवस पाण्यात घालवायचे नसतात. घरी बस, पोरीशी चार शब्द बोल. अष्टमी सरून पाणी जागं झालं की मग जा."

सांगणारी सांगून मोकळी झाली. पण ज्याचं मन पळतंय त्याला थांब म्हटलं, की तो दुप्पट पळतो. गोमाला वाटलं, म्हातारी आपल्याला घरी बसवून स्वतः मासे मारणार. भांग असूनही तो पहाटे निघायचा, उन्हं कलल्यावर यायचा, हातात फार तर दोन बोयटं, बोटभर मासे. आल्यावर जेवायचा तेही उभ्याउभ्यासारखं.

एकदा तो जेवत असताना येसू पंख्याने वारा घालत जवळ बसली.

"बा, एक विचारायचंय."

"विचार ना."

"आमच्या सासरी शेताच्या बांधाला उघाडी आहे. भरतीचं पाणी अडवायचं आणि शेतातलं पाणी सोडायचं दार असतं ना, ते. तिथे जिताडा येतो म्हणतात. त्या लोकांना धरता येत नाही, त्यांचे हात भाताचे. मला वाटलं, आपण धरावा. पण कधी बसायचं तिथे? लहानपणी तू मला होडीत न्यायचास, तेव्हा हे विचारायचं राहून गेलं."

गोमाचा घास हातातच राहिला. कुठे बसायचं असं तिने विचारलं असतं, तर त्याने वीस जागा बोटांवर मोजून दाखवल्या असत्या. कधी बसायचं, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आपल्याला माहीत नाही याची त्याला लाज वाटली आणि लाजेचा झाला राग.

"मासा धरायला बाप मेलाय का तुझा? धरतोय ना मी!" तो ताटावरून उठला आणि दोरी घेऊन चालू लागला.

येसू पंखा हातात धरून बसून राहिली. नामीने भाकरी झाकून ठेवली. जावई बिचारा म्हणाला, "मला सुकट आवडते हो." पण ते ऐकायला गोमा होता कुठे?

दिवस असे सरत गेले. अष्टमी गेली, पाणी पुन्हा जागं झालं, आणि बघता बघता अवसेची पहाट उजाडली. भरती चढली की पडाव सुटणार होता. नामी शिदोरी बांधत होती. गोमाने दोरी खांद्यावर टाकली. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोर सासरी जाईल, सासू विचारेल, पोर खाली बघेल. तिची ती खाली गेलेली मान त्याला समोर दिसत होती.

येसू दारात आडवी उभी राहिली. "बा, नको जाऊस. आज तरी बस माझ्याजवळ."

"पडाव सुटायच्या आत येतो. आज मिळणार, बघ तू."

"नाही मिळाला तर नाही! मी सांगेन काय सांगायचं ते."

"तुला खाली बघायला लावू? मी जिवंत असताना?" खोटं नाही, जीव होता त्याचा पोरीवर. पण जीव असणं वेगळं आणि जिवाजवळ बसणं वेगळं. त्याने तिला हलकेच बाजूला केलं आणि होडी ढकलली.

ओहोटी सरत आली होती. तो काळ्या खडकाशी पोचतो न पोचतो, तोच पलीकडच्या तीरावरून आरोळी आली. कोणाला तरी काहीतरी लागलं होतं. गोमाने मान तिकडे वळवली. खडकाला वळसा घालून जायला उशीर झाला असता. मधल्या चिखलाच्या पट्ट्यावर अजून वीतभर पाणी होतं. त्याने होडी सरळ त्यावरून घातली.

आता काय सांगावं? ओहोटीच्या शेवटी चिखलावरून होडी घालू नये, हे कोळ्याच्या रांगत्या पोरालाही कळतं. अर्ध्यात गेला, आणि पाणी खालून निघून गेलं. होडी गाळात बसली.

त्याने वल्ह्याने रेटलं. वल्हं रुतलं. खाली उतरून ढकलावं म्हटलं, तर मांडीपर्यंत आत गेला. कसाबसा होडीची कड धरून वर आला. चिखलाने माखलेला, धापा टाकत, शिव्या देत. शिव्या खाडीला, आजीला, नशिबाला आणि सगळ्यांत शेवटी स्वतःला. मग त्याच्या लक्षात आलं, की भरती वर चढेपर्यंत आपण इथेच. आणि जे पाणी आपली होडी उचलणार, तेच पाणी पडावही उचलणार. त्याला एकदम रडू आलं.

जवळच एक बगळा उभा होता. एका पायावर, हलेल तर शपथ. त्या काळी पक्षी बोलत. माणसं तेव्हाही ऐकत नसत, ती गोष्ट निराळी.

"ए, तुला काही काम नाही का?" गोमा त्याच्यावर खेकसला.

"आहे ना," बगळा म्हणाला. "हेच काम."

होडीच्या पुढ्यात एक अरुंद घळ होती, तिच्यात अजून कमरेएवढं पाणी होतं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून गोमाने कोळंबी लावली आणि गळ त्या घळीत सोडला.

पाणी वाहता वाहता मंद झालं. मग थबकलं. एक वाळकं पान तरंगत आलं आणि जागच्या जागी उभं राहिलं. दोरी सैल पडली. गोमाचे पाय शिवशिवले, हात वल्ह्याकडे गेला. पण उठून जाणार कुठे? आयुष्यात पहिल्यांदा तो थांबलेलं पाणी शेवटपर्यंत बघत बसला.

मग ते पान हळूच डोललं, आणि आलं होतं त्याच वाटेने मागे निघालं. भरती लागली. तिच्याबरोबर बारकी बोयटं झुंडीने घळीत शिरली, आणि त्यांच्या मागे पाणी फुगवत काहीतरी मोठं आलं. बगळ्याने मान लांब केली. दोरीला असा हिसका बसला की गोमाचं बोट कापलं.

जिताडा होता. हातभर लांब, रुपेरी, रागावलेला.

गोमाने तो होडीत घेतला आणि त्याच्याकडे बघत बसला. त्याला खडक आठवला, धक्का आठवला, तिवरं आठवली. प्रत्येक ठिकाणी तो याच क्षणी उठला होता. मासा रोज येत होता, हाच रोज निघून जात होता. म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती, गाव खोटं बोलत नव्हतं. आणि पोरीने विचारलं होतं त्याचं उत्तर हे असं त्याच्या पायाशी पडलं होतं.

"येसू!" तो ओरडला. पण येसू कुठे होती तिथे? होडी अजून गाळातच होती. आता पाण्याची वाट बघणं आलं. वीत वीत करत पाणी चढत राहिलं आणि तो हाताने पाणी ओढावं तसा वल्हं मारत राहिला.

होडी सुटली तशी त्याने ती बाणासारखी काढली. गावच्या धक्क्यापाशी आला तर धक्का रिकामा होता. पडाव वरच्या वळणाला लागला होता. शीड दिसत होतं आणि मागे उभी असलेली एक छोटी आकृती. गोमा होडीत उभा राहिला, दोन्ही हातांनी जिताडा वर धरला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "येसू! पाणी थांबलं की उठू नकोस! तेव्हाच बसायचं!"

वारा उलटा होता. तिने फक्त हात हलवला. मग पडाव वळला.

घरी नामी उंबऱ्यावर बसली होती. "पोर शेवटपर्यंत इथे दारात बसली होती," ती म्हणाली. "सारखी म्हणायची, बा येईल, घटकाभर तरी बसेल." गोमाने मासा खाली ठेवला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. जिताडा वालू आजीने नेला, तीही हसली नाही.

तिकडे सासूने विचारलं, "बापाने जिताडा वाढला का गं?" येसू म्हणाली, "नाही." आणि खाली बघितलं.

पुढच्या पुनवेला पडाव लागला, तेव्हा गोमा त्यात बसला. सोबत सुक्या बोंबलांची जुडी आणि गळाची दोरी, बस्स. लेकीच्या दारात जाऊन म्हणाला, "तू विचारलं होतंस ना काहीतरी? मला तेव्हा येत नव्हतं. आता थोडं येतंय. अवसेपर्यंत आहे मी, कुठे जाणार नाही."

भांगाचे दिवस त्याने ओट्यावर बसून काढले. येसू बोलत होती, तो ऐकत होता. सासरची गोष्ट, शेताची गोष्ट, रात्री समुद्राचा आवाज येत नाही म्हणून झोप लागत नाही ती गोष्ट. ऐकताना त्याचे पाय शिवशिवायचे. मग तो ते मांडीखाली दाबून बसायचा.

अष्टमी सरली, पाणी जागं झालं. एका सकाळी बापलेक उघाडीवर गेले. दोरी येसूच्या हातात होती. शेतातलं पाणी उघाडीतून खळाळत बाहेर पडलं, मंद झालं आणि थबकलं. दोरी सैल पडली. गोमा तिला सांगायला तोंड उघडणार, तोच त्याचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला, उठायला निघाला. खोड ती, अशी जाते होय?

येसूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस ना, बा."

तो बसला. पाणी फिरलं. आणि दोरी ताणली गेली.

त्या रात्री सासूने ताटातला तुकडा उलटून पाहिला, खाल्ला आणि कोणी धरला, कोणी वाढला, काही विचारलं नाही. म्हणाली, "अजून एक वाढ गं." येसूने वाढला. तिची मान वर होती.

गोमाच्या गावात ती म्हण अजून आहे म्हणतात. फक्त पोरांना शिकवताना म्हातारे तिच्यापुढे आणखी दोन वाक्यं जोडतात, आणि तेच या गोष्टीचं तात्पर्य.

जागा विचारून मिळते. वेळ मात्र बसूनच कळते, माशाचीही आणि माणसाचीही.